उष्टी शिट्टी

शिट्टी ऐकू आली तेव्हा गोजरा घुगे कॉलेजच्या फाटकाशी एका पायावर उभी राहून चपलेतला खडा काढत होती. मेडशीहून निघालेली एस.टी. मालेगावला पंक्चर झाली, त्यात तासभर गेला, आणि आता ऊन कलतीला लागलं होतं. मावशीच्या तेराव्यासाठी म्हणून ती गावी गेली होती. आईनं धरून ठेवल्यामुळे चार दिवस जास्तच राहिली होती. शिट्टी ओळखीची वाटली. एक लांब, मग दोन तुटक. लांब म्हणजे आहात तिथे थांबा, तुटक म्हणजे जागा बदला. ही खूण तिनं स्वतः पोरींना बसवून दिलेली होती. टीमचे प्रशिक्षक ठाकूरसर नुसतीच एक लांब शिट्टी मारत आणि बाकीचं हातवाऱ्यांनी सांगत. म्हणजे मैदानावर कोणीतरी तिची शिट्टी मारत होतं. खडा चपलेत तसाच ठेवून ती पुढे गेली. मुरमाच्या मैदानाच्या मधोमध चंचल छाजेड उभी होती, मुलींच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन, ओढणी कमरेला आवळलेली, उजवा हात वर, तोंडात शिट्टी. पोरी पळत होत्या. चांगल्या पळत होत्या. ठाकूरसर कडुनिंबाखालच्या लोखंडी खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत असल्याचं चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

चंचलनं तिला पाहिलं आणि शिट्टी चटकन तोंडातून काढून मुठीत घेतली. चेहरा लाल झाला. बाई आल्या, असं ती सरांना म्हणाली, आणि पाणी पिऊन येते सांगून जिमखान्याच्या खोलीकडे पळाली. मूठ मिटलेलीच होती. गोजराला ती मूठ फार स्पष्ट दिसली. सरावाचा उरलेला वेळ तिनं कसाबसा काढला, आणि दिवस बुडायला आला तसं नेहमीप्रमाणे चंचलला आधी सोडलं, कारण छाजेडांच्या घरी सूर्य मावळल्यावर कोणी पाण्याचा थेंबही घेत नाही आणि पोरीला घरी जाऊन जेवायचं असतं. सगळ्या गेल्यावर ती जिमखान्यात गेली. तिची शिट्टी खिळ्यावर होती, काळ्या दोरीला लटकलेली, जाताना लावली होती तशीच. म्हणजे मैदानावरची शिट्टी दुसरी होती. तसं तर ती खिळ्याकडे न पाहताही हे सांगू शकली असती. चंचल दुसऱ्याची शिट्टी तोंडात घालणंच शक्य नव्हतं. स्पर्धेला जाताना ही पोरगी स्वतःचा पितळी गडू नेत असे, घरचं उकळलेलं पाणी नेत असे, सख्ख्या बहिणीनं ओठ लावलेल्या पेल्यातून पीत नसे. अकोल्याला एकदा ऊन मी म्हणत होतं, सामना संपल्यावर पोरी एकाच तांब्याला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होत्या आणि ही, गडू रिकामा झालेला, सुकलेल्या ओठांनी भिंतीला टेकून बसली होती. तिला उष्टं चालत नाही म्हणजे नाहीच. तेव्हा शिट्टी कोरी, नवी, तिच्यासाठीच आणलेली. आणि कॉलेजात शिट्ट्या कोण आणतं? ठाकूरसर आणतात.

हे एवढं कळल्यावर बाकीचं आपोआप जुळायला लागलं. मार्चअखेर सर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोण, हे अजून कोणी तोंडानं सांगितलं नव्हतं, आणि वाशीमसारख्या गावात एखादी गोष्ट कोणी तोंडानं सांगत नसलं म्हणजे ती ठरलेली असते. चंचलचे वडील पूनमचंद छाजेड संस्थेच्या मंडळावर होते. चंचलचं बी.ए. याच वर्षी पुरं होत होतं. सर आणि पूनमचंदशेठ पावसाळ्यानंतर दोनदा शेठजींच्या जीपमधून अकोल्याला जाऊन आले होते. कशाला ते कोणी सांगेना. गोजरानं एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, तर सर म्हणाले, काही नाही, खासगी काम होतं. खासगी! सहा वर्षं ज्या माणसाच्या बाजूला बाकावर बसलो त्याचं आपल्यापासून लपवायचं खासगी काम काय असणार?

बाकावर बसणं हेच तिचं काम होतं असं म्हटलं तरी चाललं असतं. कागदावर तिचं पद सहायक प्रशिक्षक, कंसात महिला. मेडशीच्या जगदेव घुग्यांची ही थोरली पोरगी. तुरीच्या धसकटांतून अनवाणी धावून धावून पाय घट्ट झालेले, शाळेत कबड्डीत पोरांना ऐकत नसे. कोणा मास्तरांनी नाद लावला म्हणून अमरावतीला शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला गेली. तिथं पहिल्यांदा बास्केटबॉल पाहिला तेव्हा बूड नसलेल्या जाळीत चेंडू टाकण्यासाठी दहा शहाणी माणसं धावताहेत याचं तिला हसू आलं होतं. मग एक दिवस पास देताना तिनं चेंडूकडे न पाहता जिथे कोणी नव्हतं तिथे तो टाकला, आणि तिथे तिची जोडीदार पोचली. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. मैदानावरची रिकामी जागा तिला दिसायची. माणसं सगळ्यांनाच दिसतात. वाशीमला मुलाखतीत ती हे सांगणार होती. मनात वाक्यं जुळवून गेली होती. पण टेबलापलीकडच्या लोकांनी खेळाचं काही विचारलंच नाही. लग्न झालं आहे का, गावाकडे कोण कोण असतं, परगावी पोरींबरोबर मुक्कामी राहाल का, पोरी ऐकतील का. पहिल्या दोन प्रश्नांना तिनं खरं ते सांगितलं, बाकीच्यांना हो म्हटलं आणि नोकरी मिळाली. बाहेर आल्यावर कारकून सहज म्हणाला की विद्यापीठानं मुलींची टीम काढा म्हणून तगादा लावलाय, पण एकट्या ठाकूरसरांबरोबर कोणी बाप पोरगी पाठवेना, म्हणून बाईची जागा काढावी लागली. तो बिचारा चांगल्या मनानं बोलला होता. गोजराच्या ते जिव्हारी लागलं, ते अजून निघालं नव्हतं.

दर जूनमध्ये ती घरोघर हिंडायची. गावातल्या जैनांच्या पेढ्या, मंगरूळपीरच्या रस्त्यावरची वाण्याची घरं, जऊळक्याच्या स्टेशनामागची शेतकऱ्यांची घरं. ओसरीवर बसायचं, बशीतला चहा प्यायचा, खेळाचं अवाक्षर काढायचं नाही. मी आहे ना सोबत, एवढंच म्हणायचं, की पोरगी मिळायची. परगावी शाळांच्या वर्गांत मुक्काम पडे तेव्हा दाराला आडवी होऊन ती झोपायची. पिना, खोबरेल तेल, महिन्याच्या अडचणीचं सामान, सगळं तिच्या पिशवीत. सामना सुरू झाला की पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या टोकाला बसायची आणि मैदानावरच्या रिकाम्या जागा बघत राहायची. तिची आई सोजरबाई लोकांना सांगायची, आमची गोजरा पोरी सांभाळायच्या नोकरीवर आहे. गोजरा दर वेळी म्हणायची, आई, मी खेळ शिकवते. तेच ते झालं, आई म्हणायची. तेच ते नव्हतं. सर निवृत्त झाले की ते एकदाचं सिद्ध होणार होतं, याच आशेवर तिनं दोन स्थळं परत पाठवली होती आणि तिशी ओलांडली होती. आता तिथं पूनमचंदशेठची मुलगी येऊन उभी राहणार आणि गोजरा परत पिशवी सांभाळत बसणार.

ठाकूरसरांचं वागणं तर वर्षभर खटकतच होतं. उदयसिंग ठाकूर म्हणजे एके काळी नागपूरपर्यंत नाव असलेला खेळाडू, अंगानं अजून ताठ, बोलणं मोजकं. पण अलीकडे ते तिच्याशी बोलताना तिच्याकडे पाहत नसत. तिच्या खांद्याच्या जरा बाजूला, जणू मागे कोणी उभं आहे, असं पाहून बोलत. माणूस नजर का चुकवतो हे काय सांगायला पाहिजे? आणि सामन्यात नवीनच खोड लागली होती. काय झालं आता, असं विचारायचे. डोळ्यांसमोर घडलेलं विचारायचे! तिनं सांगितलं की मग म्हणायचे, कोणाला काढू? ती नाव सांगायची. सर हात वर करून नेमकी तीच पोरगी काढायचे. कुठे पास द्यायला हवा होता? ती सांगायची. सर उठून नेमकं तेच पोरींना सांगायचे, तिच्याच शब्दांत, आणि परत येऊन बसायचे. शाबासकी नाही, चुकलं असंही नाही. आपली परीक्षा घेताहेत, चुकण्याची वाट पाहताहेत, म्हणजे मंडळाला सांगायला बरं, असा तिचा पक्का हिशोब झाला होता. यंदा त्यांनी विभागात तीन सामने जिंकले होते आणि तिन्ही वेळा तिला जिंकल्याचा आनंद होण्याऐवजी आपण अजून चुकलो नाही याचाच सुस्कारा सुटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चंचल तासाला बसली असणार ती वेळ बघून, गोजरा छाजेडांच्या घरी गेली. जाताना ती स्वतःला सांगत होती की नुसता अंदाज घ्यायचा. पण वाटेत, पाटणी चौक ओलांडताना, काय बोलायचं ते तिच्या डोक्यात तयार होऊन बसलं होतं आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. त्या घराची नस तिच्याइतकी कोणाला माहीत होती? चंचलची आई पानाबाई अंगणात उन्हाला पसरलेल्या कापडावर मुगाच्या वड्या टाकत होती. डोक्यावरचा पदर कोपरानं सारखा करत म्हणाली, "या बाई. दारात काहून उभ्या राह्यल्या?" गोजरा बसली. गावाकडचं तेरावं कसं झालं ते विचारून झालं, पोरीच्या अभ्यासाचं झालं. मग गोजरानं वड्यांच्या रांगेकडे पाहत सांगितलं की नागपूरच्या स्पर्धेआधी शिबिर लागणार आहे, पंधरवडाभर सराव दिवेलागणीनंतरही चालेल, आणि कोणालाच आधी सोडता येणार नाही. सरांचा तसा हुकूम आहे.

पानाबाईचा हात थांबला. बोटांना पीठ लागलेलं होतं. सूर्य बुडाल्यावर? तिनं विचारलं. गोजरा हो म्हणाली. किती सहज हो म्हणाली! पानाबाईनं आणखी काही विचारलं नाही, खरं-खोटं केलं नाही, सरांना विचारून पाहते असंही म्हणाली नाही. चंचल लहान असल्यापासून रात्री जेवली नाही, आता एका खेळासाठी तिचा नेम मोडणार नाही, तेव्हा शिबिर म्हटल्यावर खेळ बंद. तिला वाईट वाटेल, पण तुम्ही सांगितलं हे बरं झालं. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ती भांडली असती. असं सगळं ती शांतपणे बोलत गेली. गोजराला वाटलं होतं की आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही.

"आता रडून रडून डोळे सुजवंल पाहा," पानाबाई म्हणाली. "तुमी गावाले गेल्या तवापासून काय खूश होती. सरांनी म्हटलं का बाई येतपर्यंत तू घे प्रॅक्टिस. घरी येऊन मले म्हणते, आई, मी बाईची शिट्टी वाजवली."

गोजरा म्हणाली, "माझी?"

"तुमचीच ना. खिळ्यावरची. मी चिडली. म्हटलं, घरात कोणाचा पेला चालत नाही तुले, अन् बाईची उष्टी शिट्टी तोंडात घातली? तर मले म्हणते, घुगेबाईचं कायचं उष्टं असते, आई." पानाबाई हसली. "मंग मीच म्हटलं, एक दिवस एकच वेळ जेव अन् मोकळी हो. तिनं केलं तसं. पण शिट्टी सोडली नाही. रोज धुवून जागेवर लावून ठेवतो म्हणे, बाईले कळू देऊ नको."

वड्यांवर एक माशी बसत होती, उठत होती. गोजरा ती पाहत राहिली. मिटलेली मूठ, लाल चेहरा, जिमखान्याकडे पळणं. सगळं तसंच होतं, फक्त तिनं ते वाचलं होतं ते सगळं भलतंच होतं. तिची खात्री एका गोष्टीवर उभी होती, की ही पोरगी कोणाचं उष्टं तोंडात घेणार नाही. ती खात्री चुकीची नव्हती. पोरीनं तिला त्या कोणामध्ये धरलंच नव्हतं. आपल्यावर कोणी एवढी माया करत असेल असं सहा वर्षांत गोजराच्या एकदाही मनात आलं नव्हतं. संशय मात्र किती बारीकसारीक आले होते. तिला रडू येईल असं वाटलं आणि ते पानाबाईला दिसू नये म्हणून तिनं घाईघाईनं विचारलं की सर स्वतः का नाही घेत सराव. पानाबाईला नवल वाटलं. तुम्हाला ठाऊक नाही? सरांना आता दिसत नाही ना. मोतीबिंदू उतरलाय दोन्ही डोळ्यांत, हेच दोनदा घेऊन गेले अकोल्याला डॉक्टरकडे. मार्चपर्यंत कोणाला सांगू नका म्हणाले, नोकरीचे शेवटचे दिवस आहेत. पण तुम्ही तर रोज बाजूला बसता.

रोज बाजूला बसत होती. काय झालं आता, कोणाला काढू, कुठे द्यायला हवा होता. ते तिला जोखत नव्हते. त्यांना चेंडू दिसत नव्हता. वर्षभर ते सामने कोण चालवत होतं हे बाकावरच्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं, आणि ती एक गोजरा नव्हती. आता तरी बोलावं, शिबिर नाही म्हणून सांगावं, असं तिच्या ओठांपर्यंत आलं. पण मग का बोललात असं पानाबाई विचारणार. सरांचा निरोप समजण्यात घोटाळा झाला असं उद्या सांगता येईल, परवा सांगता येईल, असा एक विचार लगबगीनं पुढे आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. तेवढ्यात दारातून पूनमचंदशेठ आले. डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली, बाईंना नमस्कार केला. पानाबाईनं त्यांना तिथेच सगळं सांगितलं, शिबिराचं, दिवेलागणीचं, पोरीचं बंद करायचं.

शेठजींनी ऐकून घेतलं. घाई न करता म्हणाले, "ग्राउंडवर लाइट कुठी आहे? लाइटचा विषय तर मंडळात आमीच मागं ठेवला. अंधारात काय खेळतीन पोरी?"

"असंल काही सोय," पानाबाई म्हणाली. "बाई सांगून राह्यल्या. बाई कायले खोटं बोलतीन?"

आणि ती परत वड्या टाकायला लागली. तिच्या बाजूनं विषय संपला होता. गोजराला त्या वाकलेल्या मानेकडे पाहवेना. शेठजी तिच्याकडे पाहत होते, संशयानं नाही, उत्तराची वाट पाहत होते एवढंच. मार्च, खुर्ची, मंडळ, परत पाठवलेली स्थळं, सगळं तिच्यासमोरून गेलं. नंतर ती बोलली तेव्हा कॉलेजातली जपून ठेवलेली भाषा तिच्या तोंडी आली नाही.

"मीच खोटं बोलली, शेठजी. शिबिर नाही, काही नाही. सरांनी काही म्हटलं नाही. मले वाटलं तुमी चंचलले माह्या जागेवर आणून राह्यले. म्हणून तिले घरी बसवाले आली मी."

पानाबाईनं बोटांचं पीठ पातेल्याच्या काठाला निपटलं. पूनमचंदशेठ ओट्यावर बसले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि चढला असता तर गोजराला बरं वाटलं असतं.

"जागेचं म्हणसान तर ते दिवाळीतच झालं," ते म्हणाले. "ठाकूरसर बैठकीत बोलले का टीम वर्षभर घुगेबाईच चालवून राह्यल्या, जागा त्यायलेच द्या. आमी हो म्हटलं. मी एकदा हो म्हटलं ते फिरवत नाही. ते तुमचंच आहे." मग म्हणाले, "पण बाई, आमी पोरगी कॉलेजच्या भरोशावर नव्हती पाठवली. ठाकूरसरांच्याही नाही."

एवढंच म्हणून ते आत गेले. पानाबाईनं चहाचं विचारलं नाही. या घरात सहा वर्षांत असं झालं नव्हतं. गोजरा उठली, चपला पायात सरकवून बाहेर पडली. रस्त्यावर ऊन होतं, हातगाड्या होत्या, कोणीतरी तिला ओळखून घुगेबाई नमस्कार म्हणालं, आणि हा माणूस आपल्याला कुत्सितपणे तर म्हणत नाही ना असं तिला वाटून गेलं. जागा मिळाली होती. तिनं स्वतःला पुन्हापुन्हा सांगून पाहिलं. मिळालेली जागा तिला कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चंचल सरावाला आली. तिच्याबरोबर पानाबाई होती. कॉलेजच्या मैदानावर छाजेडांच्या घरची बाई याआधी कधी आली नव्हती; पोरी एकमेकींकडे पाहायला लागल्या. पानाबाई जिमखान्याच्या पायरीवर पदर सावरून बसली, सोबत आणलेला गडू बाजूला ठेवला. चंचल गोजराच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. तिला घरी काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, हे गोजराला तिच्या चेहऱ्यावरून ताडता येईना आणि विचारायची तर सोय नव्हती. पलीकडे ठाकूरसर खुर्चीत होते. गोजरा त्यांच्याजवळ गेली, अगदी समोर, जिथून त्यांना निदान आकार दिसेल अशी उभी राहिली आणि म्हणाली की आजपासून मीच घेते. सरांनी मान हलवली. बरं झालं, म्हणाले. त्यांना कळलं असेल का? कळलं असलंच तर बोलणार नाहीत. आता ही शंका तिला जन्मभर पुरणार होती.

सुरू करण्याआधी ती पायरीपाशी गेली. पानाबाईसमोर उभं राहायला तिला धीर करावा लागला. ती म्हणाली की काकीजी, तुम्ही रोज एवढ्या लांब कशाला त्रास घेता, मी चंचलला वेळेत सोडत जाईन, स्वतः घरापर्यंत आणून सोडीन. पानाबाईनं वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. हिशोब बंद केल्यावर माणूस पाहतो तसं तिनं पाहिलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "तुमी खेळाचं पाहा. पोरीचं मी पाहीन."

सहा वर्षं गोजरा घुगेला हेच ऐकायचं होतं. ती मैदानाकडे वळली. पोरी आपापल्या जागी उभ्या होत्या, ती काय सांगते याची वाट पाहत.